बेकार झालेला सोबती

सायंकाळच्या वेळी कोणत्याही शहराच्या नव्या वस्तीतून फेरी मारली, तर एक दृश्य हटकून दिसते. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी असते आणि आत व्हरांड्याच्या खांबाला एक धिप्पाड कुत्रा साखळीने बांधलेला असतो. पोस्टमन आला की तो भुंकतो, दूधवाला आला की भुंकतो आणि कोणीच आले नाही तरीही भुंकतो. मोकळा सोडला, तर फुलझाडांची आळी उकरतो, चपला कुरतडतो, नाहीतर स्वतःच्याच शेपटीमागे गरगर फिरत राहतो. घरच्या मंडळींना ह्याचे नवल वाटते. वेळेवर दूधभाकरी मिळते, थंडीत अंगाखाली गोणपाट मिळते, आजारी पडल्यास गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टर येतो. मग ह्याला कमी काय पडले?

कमी पडले आहे ते काम. माणसाच्या घरी येऊन ज्याने हजारो वर्षे पायांनी आणि बुद्धीने चाकरी केली, त्याची चाकरी गेल्या दीडशे वर्षांत एकामागून एक नाहीशी झाली. अन्न राहिले, आसरा राहिला, पण उद्योग गेला. माणसाच्या बेकारीवर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्याच्या ह्या सर्वांत जुन्या सोबत्याच्या बेकारीचाही एक इतिहास आहे, आणि ती दूर करण्यासाठी काही शहाण्या माणसांनी जे उपाय योजिले, तोही त्याच इतिहासाचा भाग आहे.

हे नाते किती जुने आहे, याची कल्पना एका थडग्यावरून येते. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना काही हाडे सापडली. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर पुरलेला एक कुत्रा, असे ते अवशेष होते. त्यांचे वय सुमारे १४,००० वर्षे ठरले आहे. म्हणजे शेतीचा शोध लागला नव्हता, गाय गोठ्यात आली नव्हती, घोड्याच्या पाठीवर कोणी बसले नव्हते, तेव्हाही कुत्रा माणसाजवळ होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्या कुत्र्याचे दात तपासण्यात आले. तो अवघ्या काही महिन्यांचा होता, बाळपणीच त्याला एका भयंकर साथीच्या रोगाने गाठले होते, आणि कोणी शुश्रूषा केल्यावाचून तो त्या दुखण्यात इतके दिवस तगला नसता, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. ज्या पिल्लाचा शिकारीला काडीचाही उपयोग नव्हता, त्याला कोणीतरी पाणी पाजले, उबेला घेतले आणि अखेरीस आपल्या माणसांशेजारी निजविले. ऋण दोन्ही बाजूंनी होते, आणि ते त्या काळापासून चालत आले आहे.

पिल्लू वाचले, वाढले, तर त्याच्यापुढे काम वाढून ठेवलेले असे. शिकारीत वास काढावयाचा, सावजाची वाट अडवावयाची, मागून येणाऱ्या माणसांकडे लक्ष ठेवावयाचे. रात्री तळाभोवती फिरून परका कोण आणि आपला कोण, ह्याचा निवाडा करावयाचा. दख्खनच्या पठारावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या कुत्र्याकडे पाहिले, म्हणजे हे काम कसे असते ते कळते. तो मेंढरे हाकीत नाही, ती राखतो. दिवसभर कळपाबरोबर मैलच्या मैल चालतो आणि रात्री लांडग्याची चाहूल घेत अर्धवट जागा राहतो. खंडोबाच्या मूर्तीशेजारी आणि टाकांवर कुत्रा कोरलेला दिसतो, तो काही शोभेसाठी नव्हे. ज्या समाजाचे धन चार पायांवर चालत होते, त्या समाजाने राखणदाराचा केलेला तो गौरव आहे. अशा कुत्र्याला व्यायाम द्यावा काय, त्याच्या बुद्धीला खाद्य पुरवावे काय, असे प्रश्न धनगराला कधी पडले नाहीत. पडण्याचे कारणच नव्हते. धावणे आणि विचार करणे ही त्या कुत्र्याच्या एकाच कामाची दोन अंगे होती.

ह्या कामाचे सर्वांत रेखीव रूप इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांच्या सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात पाहावयास मिळते. तेथील मेंढपाळ खाली उभा राहतो आणि कुत्र्याला अर्धा अर्धा मैल दूर चढणीवर पाठवितो. कुत्रा सरळ मेंढरांवर जात नाही, कारण तसे केल्यास ती बुजून चौफेर पांगतील. तो लांबचा वळसा घेतो, त्यांच्या पाठीमागे जाऊन थबकतो, जमिनीसरपट होतो आणि नजर रोखून एकेक पाऊल पुढे टाकतो. मेंढरे त्या नजरेच्या धाकाने हलू लागतात. मेंढपाळाच्या शिट्टीचे इशारे मोजके असतात. डावीकडे जा, उजवीकडे जा, थांब, पुढे हो, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु दोन इशाऱ्यांच्या मध्ये जे काही घडते, ते सारे कुत्र्याच्या विचारावर सोपविलेले असते. कोणती मेंढी हट्टी आहे, कोणती फुटून निघणार आहे, किती जवळ जावे आणि कोठे थांबावे, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.

ह्या कौशल्याची ब्रिटनमधील पहिली नोंदलेली स्पर्धा ९ ऑक्टोबर १८७३ रोजी वेल्समधील बाला ह्या गावाजवळ झाली. रिचर्ड जॉन लॉईड प्राइस नावाच्या जमीनदाराने ती भरविली होती. दहा कुत्रे उतरले होते आणि वेल्समध्ये स्थायिक झालेल्या थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश मेंढपाळाच्या ‘ट्वीड’ ह्या लहानखुऱ्या कुत्र्याने बक्षीस पटकाविले. पुढे १८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेल्फर ह्यांच्याकडे ‘हेम्प’ हा कुत्रा जन्मला. तो शांत होता, आरडाओरड करीत नसे आणि केवळ नजरेने कळप वळवीत असे. १९०१ साली तो मेला, पण आजच्या बॉर्डर कॉली जातीच्या बहुतेक कुत्र्यांची वंशावळ त्याच्यापर्यंत जाऊन भिडते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या मेंढपाळांनी कुत्र्याची निवड रंगावरून किंवा कानाच्या ठेवणीवरून केली नाही. त्यांनी काम पाहिले. त्यामुळे ह्या जातीच्या रक्तातच कामाची भूक उतरली. ही भूक भागविणारी मेंढरे समोर असतात, तोवर ती गुण ठरते. तोच कुत्रा शहरातील दोन खोल्यांत आणून ठेवला, तर ती भूक त्यालाच खाऊ लागते. मग तो मोटारींना वळविण्याचा प्रयत्न करतो, खेळणाऱ्या मुलांभोवती वळसे घालतो आणि लोक म्हणतात, कुत्रा बिघडला.

काम नाहीसे होणार, हे ज्याने वेळेवर ओळखले असा एक मनुष्य जर्मनीत होऊन गेला. माक्स फॉन श्टेफानिट्स हा तेथील घोडदळातील अधिकारी. १८९९ च्या एप्रिल महिन्यात कार्ल्सरूहे येथील एका प्रदर्शनात त्याने लांडग्यासारखा दिसणारा एक मेंढपाळी कुत्रा पाहिला आणि तेथल्या तेथे विकत घेतला. त्याचे नाव त्याने होरांड असे ठेविले आणि त्याच महिन्यात जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संस्था स्थापन केली. आपल्याकडे पुष्कळ लोक ज्याला अजून अल्सेशियन म्हणतात, तो हाच कुत्रा. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांना जर्मन नावाचाही तिटकारा आला, म्हणून त्यांनी हे दुसरे नाव प्रचारात आणले, आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने जुने नाव पुन्हा मान्य केले ते थेट १९७७ साली.

श्टेफानिट्सच्या डोळ्यांपुढे जर्मनी झपाट्याने बदलत होती. कारखाने वाढत होते, कुरणे आटत होती, मेंढपाळीचा धंदा आक्रसत चालला होता. उपयुक्तता आणि बुद्धी हेच कुत्र्याचे खरे सौंदर्य, असे मानणाऱ्या ह्या माणसापुढे प्रश्न उभा राहिला की मेंढरेच नसली, तर ह्या कुत्र्याच्या बुद्धीचे काय होणार? केवळ देखणेपणासाठी पोसला, तर चार पिढ्यांत तो नुसता कातड्याचा नमुना उरेल, ही भीती त्याला होती. त्याने दुसरे काम शोधले. बेल्जियममधील गेंट शहरात १८९९ सालीच पोलिसांच्या रात्रीच्या गस्तीबरोबर शिकविलेले कुत्रे फिरू लागले होते. श्टेफानिट्सने जर्मन पोलिसांची आणि लष्कराची दारे ठोठावली. माग काढणे, आज्ञा पाळणे आणि धन्याचे रक्षण करणे अशा तीन अंगांच्या परीक्षा तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्या. मेंढरांची जागा गुन्हेगाराच्या पावलांनी घेतली. बेकार होऊ घातलेल्या एका जातीला एका माणसाने विचारपूर्वक नवी चाकरी मिळवून दिली, असे हे उदाहरण आहे.

त्या चाकरीतून आणखी एक चाकरी निघाली, आणि ती कुत्र्याच्या बुद्धीची सर्वांत कठीण कसोटी ठरली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि तोफगोळ्यांनी असंख्य सैनिक आंधळे झाले. १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे डॉक्टर गेरहार्ड श्टालिंग ह्यांनी अशा सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा काढली. काही वर्षांनी ही विद्या स्वित्झर्लंडमध्ये कुत्री जोपासणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस ह्या अमेरिकन बाईंच्या पाहण्यात आली. १९२७ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी एका अमेरिकन साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी मॉरिस फ्रँक नावाचा एक आंधळा तरुण होता. त्याला तो लेख वाचून दाखविण्यात आला. रस्त्यावर एकट्याने चालता यावे, एवढीच त्याची आकांक्षा होती. त्याने बाईंना पत्र लिहिले, १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला आणि ‘बडी’ नावाची एक शेफर्ड कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरताच बातमीदारांनी त्याला शहरातील एक अत्यंत गजबजलेला रस्ता ओलांडून दाखविण्याचे आव्हान दिले. त्याने बडीच्या पाठीवरील दांडी धरली आणि तो पलीकडे गेला. पुढच्याच वर्षी, २९ जानेवारी १९२९ रोजी, ‘सीइंग आय’ ही संस्था नॅशव्हिलमध्ये स्थापन झाली. तिचे नाव बायबलमधील नीतिसूत्रांच्या पुस्तकावरून घेतलेले आहे. पाहणारा डोळा, हा त्याचा अर्थ. १९३१ साली ब्रिटनमध्येही चार आंधळ्या माणसांना त्यांचे पहिले चार वाटाडे कुत्रे मिळाले.

अशा कुत्र्याला आज्ञापालन शिकवितात, हे तर खरेच, पण त्याच्यापुढची विद्या त्याहून अवघड असते. ती म्हणजे योग्य वेळी आज्ञा मोडणे. धनी म्हणतो, पुढे चल. समोरून मोटार येत असते, किंवा रस्त्यात खड्डा उघडा पडलेला असतो. अशा वेळी कुत्र्याने जागचे हलता कामा नये. धन्याची आज्ञा आणि धन्याचे हित ह्यांत विरोध आला असता हित निवडावयाचे, ही गोष्ट पुष्कळ माणसांनाही साधत नाही. तसेच डोक्यावर लोंबणारी फांदी कुत्र्याला स्वतःला कधीच लागणार नसते, तरी उंच माणसाला ती लागेल हे जाणून त्याने बाजूने वळावयाचे असते. आणि तरीही घरी आल्यावर पाठीवरचा साज उतरला, की हाच कुत्रा पिल्लासारखा बागडतो. कामाच्या वेळी काम आणि नंतर मोकळीक, असा त्याचा दिनक्रम असतो. राबवून राबवून त्याचा जीव काढणे म्हणजे त्याला काम देणे नव्हे, हे ह्या शाळांनी आरंभीच ओळखले होते.

काम दिल्याने कुत्रा किती वाढतो, हे असे दिसून आले. परंतु काम आणि अनुभव काढून घेतले तर तो किती खुरटतो, हे पाहावयास प्रयोगशाळेत जावे लागते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह ह्यांच्या प्रयोगांत कुत्र्याला पट्ट्यांनी एका चौकटीत उभे करीत. बहुतेक कुत्रे लवकरच निवळत. एक कुत्रा मात्र काही केल्या स्वस्थ होईना. तो धापा टाकी, त्याची लाळ अखंड गळे. पाव्हलॉव्ह ह्यांना प्रथम त्याचा उलगडा होईना. अखेर त्यांनी अनुमान काढले की हालचालीला पडलेला अटकाव हेच त्याचे कारण आहे. मोकळेपणाची ओढ ही भुकेसारखीच उपजत प्रेरणा असली पाहिजे, असे त्यांनी नमूद करून ठेविले आहे.

ह्याहून बोलके प्रयोग कॅनडात माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब ह्या मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली झाले. १९५४ साली थॉम्सन आणि हेरन ह्यांनी स्कॉटिश टेरियर जातीच्या पिल्लांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. काही पिल्ले घरांतून किंवा मोकळ्या वातावरणात वाढविली होती, आणि त्यांचीच काही भावंडे बंदिस्त पिंजऱ्यांत, बाहेरचे जग न दाखविता वाढविली होती. बंदिस्त पिल्लांना अन्नाची वाण नव्हती. ती अंगाने धडधाकट होती. परंतु मोठेपणी त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा फरक उघडा पडला. खाऊ एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत ठेविला, तरी ती जुन्याच कोपऱ्याकडे जात. मध्ये जाळी उभी केली, तर वळसा घालून पलीकडे जाण्याऐवजी जाळीशीच धडपडत राहत. १९५७ साली मेल्झॅक आणि स्कॉट ह्यांनी ह्याच पद्धतीने वाढविलेल्या कुत्र्यांसमोर पेटती काडी धरली. त्यांनी तिला नाक लावले, चटका बसला, आणि तरीही ती पुन्हा नाक पुढे करू लागली. दुःख कोठून आले आणि ते कसे टाळावे, एवढेही त्यांना उमगत नव्हते.

हे प्रयोग वाचताना मन विषण्ण होते, आणि आजच्या काळात असे प्रयोग करण्यास सहजासहजी संमती मिळणारही नाही. परंतु त्यांतून निघालेले सत्य दृष्टीआड करता येत नाही. पोट भरलेले, अंग धष्टपुष्ट आणि तरीही बुद्धी उपाशी, अशी अवस्था खरोखर असू शकते. अनुभव हे बुद्धीचे अन्न आहे, आणि ते बाळपणी मिळाले नाही तर पुढे त्याची भरपाई होणे फार कठीण जाते.

भारतात ह्याच सुमारास ह्या प्रश्नाकडे कायद्याचे लक्ष गेले. नृत्यकलेसाठी विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध खाजगी विधेयक मांडले होते. त्या प्रयत्नाची परिणती म्हणून १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा संमत झाला. त्याच्या अकराव्या कलमात छळाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्राण्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा एक आहे. त्याला लागूनच दुसरा प्रकार येतो. नेहमी साखळीला बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्याला धन्याने वाजवी व्यायाम न देणे, हाही त्या कायद्याने गुन्हा ठरविला. फाटकावर पाटी लावणाऱ्यांपैकी हे किती जणांना ठाऊक असेल? पहिल्या गुन्ह्याचा दंड अगदी किरकोळ ठरविण्यात आला होता, म्हणजे शिक्षेपेक्षा समज देण्याचाच हेतू त्यात अधिक दिसतो. तथापि त्या कलमात पायांचा विचार झाला आहे, बुद्धीचा उल्लेख नाही. कायद्याला साखळीची लांबी मोजता येते. कुत्र्याचा कंटाळा मोजणे त्याच्या आवाक्यात नाही. ते काम घरच्या माणसांचे आहे.

बेकारी आणि नवी चाकरी ही कहाणी युरोपातच घडली असे नाही. बेळगावच्या पूर्वेस, घटप्रभेच्या काठी मुधोळ आहे. घोरपडे घराण्याचे हे संस्थान. दख्खनमध्ये कारवानी म्हणून ओळखला जाणारा, लांब पायांचा, कृश पोटाचा, निमुळत्या तोंडाचा शिकारी कुत्रा येथे राजाश्रयाने जोपासला गेला. राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ह्या जातीच्या संगोपनात विशेष लक्ष घातले, आणि तो मुधोळ हाउंड ह्या नावाने प्रसिद्धी पावला. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज ह्यास ह्या जातीच्या पिल्लांची जोडी भेट दिली होती, असे सांगतात. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. माळावर दूरवर हललेला ससा त्याला दिसतो, आणि दिसताक्षणी तो बाणासारखा सुटतो.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. राजाश्रय गेला, शिकारखाने मोडले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि जी काही शिकार उरली होती, तिलाही कायदेशीर बंदी आली. वन्य प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या केवळ धावण्यासाठी आणि हेरण्यासाठी घडविलेला हा कुत्रा एकाएकी निरुद्योगी झाला. मुधोळच्या आसपासच्या खेड्यांतील लोकांनी त्याला राखणीसाठी सांभाळले, म्हणूनच जात टिकून राहिली. पुढे कर्नाटकातील पशुवैद्यकीय विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे ह्या जातीसाठी संशोधन केंद्र उघडले. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत एक मुधोळ हाउंडचे होते. तिकिटावर चित्र आले, हा मान झाला. खरी चाकरी चालून आली ती २०१६ साली. त्या वर्षी भारतीय सैन्याने ह्या जातीची पिल्ले मीरत येथील आपल्या केंद्रात शिक्षणासाठी नेली. जे श्टेफानिट्सने जर्मनीत केले, तेच येथेही करावे लागले. जात वाचवावयाची असेल, तर तिला काम द्यावे लागते.

परंतु प्रत्येक कुत्रा सैन्यात जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक घरी मेंढरे असू शकत नाहीत. मग घरच्या कुत्र्याने काय करावे? ह्याचे उत्तरही गेल्या शतकात हळूहळू सापडत गेले. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर ह्या पूडल जातीची कुत्री पाळणाऱ्या बाई होत्या. पूडल म्हणजे निव्वळ शोभेचे बाहुले, असा लोकांचा समज होता. तो खोटा ठरविण्यासाठी त्यांनी १९३३ साली आज्ञापालनाची चाचणी भरविली. तीन वर्षांत तेथील केनेल क्लबने ह्या चाचण्या आपल्या नियमांत समाविष्ट केल्या. १९७८ साली लंडनमधील क्रफ्ट्स प्रदर्शनात घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून बेतलेला अडथळ्यांचा खेळ प्रथम दाखविण्यात आला. कुत्रा धावतो, उडी घेतो, नळीतून शिरतो, फळीवर तोल सावरतो, आणि हे सारे करताना धन्याच्या हाताकडे व शब्दाकडे लक्ष ठेवतो. पाय आणि बुद्धी ह्यांची जी फारकत झाली होती, ती मिटविण्याचा हा प्रयत्न होता.

बुद्धीची मर्यादा कोठवर आहे, ह्याचे एक उदाहरण तर थक्क करणारे आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातील जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुत्र्याला वस्तूंची नावे कळत नाहीत, असे ते मानीत असत. मेंढपाळांनी मात्र त्यांना सांगितले की आमच्या कुत्र्यांना एकेका मेंढीचे नाव कळते. पिलींनी २००४ साली ‘चेसर’ नावाची बॉर्डर कॉली जातीची कुत्री घरी आणली आणि तिला रोज कित्येक तास खेळण्यांची नावे शिकविली. तीन वर्षांत ती १,०२२ नावे ओळखू लागली. म्हातारपणी प्राध्यापकांनी हट्टाने हे काम केले, आणि त्यांचा जुना ग्रह चुकीचा ठरला, तो मेंढपाळांच्या अनुभवाने. पिली २०१८ साली आणि चेसर त्याच्या पुढल्या वर्षी निवर्तली.

सामान्य घराला एक हजार नावे शिकविण्याची गरज नाही. जुन्या कामांची लहान लहान रूपे घरातही उभी करता येतात. भाकरीचे तुकडे ताटलीत टाकण्याऐवजी अंगणात, कुंड्यांआड, घडी घातलेल्या पोत्यात लपवून ठेवावेत आणि कुत्र्याने ते हुंगून काढावेत, म्हणजे शिकारीची आठवण जागी होते. सकाळी फिरावयास नेताना घाईने ओढीत नेण्यापेक्षा त्याला प्रत्येक खांबापाशी, प्रत्येक झुडपापाशी थांबू द्यावे. माणूस सकाळी वर्तमानपत्र वाचतो, तसा तो नाकाने गल्लीची खबरबात वाचीत असतो. चेंडूचे नाव, पायपुसण्याचे नाव, घरातील मुलांची नावे त्याला शिकविता येतात. धडा पाच-दहा मिनिटांचा असावा, आणि त्याला जमते आहे तोवरच आवरता घ्यावा. उन्हाळ्यात डांबरी रस्ता तापण्यापूर्वी किंवा निवाल्यानंतरच बाहेर पडावे. पिल्लाला फार लांब पळवू नये आणि म्हाताऱ्या कुत्र्याला त्याच्या गतीने चालू द्यावे. पाय थकलेला कुत्रा थोडा वेळ झोपतो. पाय आणि बुद्धी दोन्ही कामास लागलेला कुत्रा समाधानाने झोपतो, आणि घरच्या माणसांना हा फरक चार दिवसांत कळून येतो.

ह्या सगळ्याला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि खरी अडचण तेथेच आहे. साखळी ही पुष्कळदा क्रौर्यातून येत नाही, ती सवड नाही म्हणून येते. कुत्रा पाळण्याची हौस एका संध्याकाळी पुरी होते. त्याला सोबत देण्याचे कर्तव्य मात्र दहाबारा वर्षे रोज पार पाडावे लागते. ज्यांना तेवढी सवड नाही, त्यांनी पाटी लावावी, कुलूप लावावे, पण एका जिवंत प्राण्याला खांबाशी नेमू नये.

ओबरकासेलच्या त्या आजारी पिल्लाने कोणाचे काही काम केले नव्हते, आणि तरीही कोणीतरी त्याच्यापाशी बसून राहिले. चौदा हजार वर्षांनंतर फाटकाशी बांधलेला त्याचा वंशज त्याहून अधिक काही मागत नाही. सायंकाळी धनी घरी परततो, तेव्हा साखळी ताणून तो उभा राहतो, कान टवकारतो, शेपूट हलवितो. ह्याचा अर्थ लोक भूक असा करतात. ताटली पुढे सरकवितात आणि आत निघून जातात. वस्तुतः तो विचारीत असतो की आज काय काम आहे?